आत्याबाईंच्या गावाचा वाढदिवस

गावालाही वाढदिवस असतो हे आम्हां वाईकरांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे उत्सव देवाचे आणि नदीचे. गाव कधी वसलं हे कुणी विचारत नाही. ते आपलं घाटाबरोबर आणि नदीबरोबर असतंच. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीचं, मनूचं, अलिबागहून पत्र आलं तेव्हा घरात सगळ्यांनाच गंमत वाटली. तिचे यजमान भाऊराव तिथल्या शाळेत शिकवतात. गावातल्या मंडळींनी मिळून माघ शुद्ध षष्ठीला गाव वसल्याचा दिवस साजरा करायचं ठरवलं होतं. सकाळी पूजा, दुपारी होड्यांची शर्यत, संध्याकाळी सभा. 'खरी तिथी कुणालाच माहीत नाही,' मनूनं लिहिलं होतं, 'भाताची कामं उरकलेली असतात आणि ऊन बाधत नाही म्हणून ही धरली. तुम्ही सगळी या.'

पत्र मी मोठ्यानं वाचत होते. माझी नऊ वर्षांची कुसुम आणि हे ऐकत होते. ओसरीच्या कोपऱ्यात आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या ह्यांच्या आत्या. लहानपणी विधवा होऊन भावाकडे आल्या आणि ह्यांना त्यांनीच वाढवलं. डोक्यावरून लाल अलवण, दिवसातून एकदा जेवण, सोवळं इतकं कडक की माझ्या हातचं पाणीसुद्धा मी ओलेत्यानं भरलेलं असेल तरच चालायचं. मी पत्राची घडी केली तशा त्या म्हणाल्या, "मी येते."

ह्यांना वाटलं, देवळात यायचं म्हणतेय. "कुठं, आत्या?"

"अलिबागेला. मी तिथलीच ना."

आजोबा तिथल्या कचेरीत कारकून होते हे ह्यांनी कधीतरी ऐकलं होतं. पण आत्या तिथं जन्मली, लग्न होऊन वाईला येईपर्यंत आठ वर्षं तिथं वाढली, हे काही कुणाच्या ध्यानात नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं, त्या कधी बोलल्या नव्हत्या. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात आत्याबाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला हे पहिलंच आठवतं.

रेवस आणि पुढे

मुंबईपर्यंतचा प्रवास सर्वांचा सारखाच होतो, तो मी सांगत नाही. धक्क्यावरून आगबोट सुटली आणि कुसुमला लगेच ओकारी झाली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. हेही रंगानं हिरवट झाले आणि डोळे मिटून पाढे म्हणू लागले. (हे गणिताचे मास्तर आहेत. मन ताळ्यावर ठेवायला त्यांना पाढे लागतात.) आत्याबाई मात्र कठड्याला धरून ताठ उभ्या होत्या. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात केळ्याखेरीज काही नव्हतं.

रेवसला उतरून टांग्यात बसलो आणि आमच्या देशावरच्या डोळ्यांना पहिल्यांदा जाणवलं की इथं सगळं ओलसर आहे. आमच्याकडे माघात रान करडं होतं. इथं रस्त्याच्या दोन्ही कडांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत पाण्याचे पाट, पाटाकाठी अळू. कापलेल्या भातखाचरांत आता वाल पेरलेला. घरं रस्त्याला पाठ करून नाही, तोंड करून बसलेली आणि प्रत्येक अंगणात कोणी ना कोणी सोललेल्या सुपाऱ्या वाळत घालतंय. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तशी मी पदर नाकाला लावला. आत्याबाईंनी लावला नाही. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर मात्र लावला.

मनूकडे रात्री जेवायला तांदळाची मऊ पांढरी भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आमच्या ज्वारीच्या भाकरीला चावायला लागतं. ही तोंडात घातली की नाहीशी होते. ह्यांनी पाच खाल्ल्या आणि पोट भरलं की नाही हे कळत नाही म्हणून सहावी मागितली.

जेवण झाल्यावर भाऊराव जरा घुटमळले. मग म्हणाले, "आत्याबाई, सभेत एक कार्यक्रम आहे. या गावात जन्मलेल्या वडीलधाऱ्यांना नारळ देऊन मान द्यायचा. सात नावं आहेत. त्यांत तुमचं घातलंय."

"माझं?"

"सगळ्यांत लांबून आलेल्या तुम्हीच."

मनूनं त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण भाऊराव सरळ माणूस, त्यांना लपवता येत नाही. मंडळातल्या एका वृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली होती, हेही त्यांनी सांगून टाकलं. शुभदिवशी व्यासपीठावर विधवा बाई कशाला, असं त्यांचं म्हणणं. भाऊराव त्यांच्याशी भांडून आले होते.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. मला नको हो ते. मी मांडवाच्या मागं उभी राहून बघेन."

कुणीच काही बोललं नाही. हेही बोलले नाहीत, मीही नाही. याची आता लाज वाटते.

षष्ठीची सकाळ

सकाळी गाव बघण्यासारखं झालं होतं. दारोदार रांगोळ्या, आंब्याची तोरणं, बाजारपेठेत एका दुकानदारानं ग्रामोफोन बाहेर आणून ठेवलेला. त्याच्या कर्ण्यात कुसुम डोकं घालून बघत होती, आत कोण बसलंय ते. समुद्राकाठी सुरूच्या झाडांना पताका लावल्या होत्या आणि कोळी लोक आपल्या होड्यांना झेंडूच्या माळा बांधत होते.

आणि समोर, पाण्यात, कुलाबा किल्ला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, हा किल्ला डोंगरावर नाही. किनाऱ्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर खडकाचं एक बेट आहे, त्यावर तट आणि बुरूज. भरतीला चहूकडे पाणी असतं. ओहोटीला समुद्र इतका मागं जातो की वाळूवरून पायी जाता येतं.

"कधी जावं?" ह्यांनी विचारलं.

भाऊराव मांडवाकडे निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "आत्ताच जा. इथला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज षष्ठी, म्हणजे साडेचार." आणि गेले.

मनू ओल्या नारळाच्या करंज्या करण्यात गुंतली होती. म्हणून आम्ही चौघंच निघालो. वाळू ओली, घट्ट, पायाखाली थंड. मधे मधे पाण्याची डबकी आणि त्यांत बोटभर खेकडे तिरके पळत होते. किल्ल्यावर गावची पुष्कळ माणसं आली होती. तटाच्या आत चिंचा-आंब्याची झाडं, पायऱ्यांचं मोठं तळं आणि गणपतीचं सुरेख दगडी देऊळ. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, याचं ह्यांना फार नवल वाटलं.

साधारण अकराच्या सुमाराला गावची माणसं परतू लागली. आत्याबाई तटावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "श्रीधर, वारा फिरला. पाणी वळलं बघ."

"साडेचारला वळेल, आत्या. मी हिशेब केलाय."

"मला दिसतंय वळलेलं."

"अगं, लांबून तसं वाटतं."

आत्याबाई गप्प बसल्या. गप्प बसायची त्यांना सवय होती. आम्ही सावलीत बसून मनूनं दिलेले लाडू खाल्ले, हे जरा लवंडले.

तुम्हांला चूक कळली असेल. साडेचारला भरती पुरी होते. ती सुरू होते त्याच्या सहा तास आधी. गणिताच्या मास्तरांनी गुणाकार अचूक केला होता, पण उत्तर कशाचं आलं ते विचारलं नव्हतं.

किल्ल्यात

साडेबाराला दरवाज्यापाशी आलो. सकाळी जिथून चालत आलो तिथं वाळू नव्हतीच. हिरवट, फेसाळ पाणी होतं. पलीकडे किनाऱ्यावरच्या पताका बोटाच्या नखाएवढ्या दिसत होत्या.

ह्यांचा चेहरा उतरला. "अजून फार खोल नसेल," म्हणाले. धोतर खोचलं आणि कुसुमला खांद्यावर घेतलं. "मी हिला पोचवून येतो, मग तुम्हांला नेतो." मी नको नको म्हणेपर्यंत पाण्यात शिरलेसुद्धा. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. एक लाट आली, ह्यांचा पाय खडकावरून निसटला, कुसुमच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ती किंचाळली.

"श्रीधर! माघारी फीर!"

तो आवाज आत्याबाईंचा होता. इतका मोठा, इतका हुकमी की क्षणभर मला ओळखूच आला नाही. हे जागच्या जागी थांबले. "पोरीला दोन्ही हातांनी धर. लाट जाऊ दे. आता वळ. पाय घासत ये, उचलू नकोस." एकेक पाऊल त्या सांगत होत्या आणि हे एकेक पाऊल टाकत होते. वर आले तेव्हा कुसुम गळ्याला घट्ट मिठी मारून हुंदके देत होती. ह्यांची एक वहाण समुद्रात गेली होती आणि गुडघा फुटला होता. हे खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

तेवढ्यात देवळाकडून एक बाई धावत आली. तिशीची असेल. कोळणी नेसतात तसं घट्ट काष्ट्याचं लुगडं, केसांत अबोलीची वेणी. "काय वो, जीव वर आला काय दादा? त्या खडपावरनं आता दोन पुरुस पानी हाय!"

तिचं नाव हिरा. तिचा भाऊ धर्मा शर्यतीत होता, त्याच्या होडीसाठी गणपतीला नारळ द्यायला ती आली होती. "मी आता रातच्या ओहोटीला जायाची. आमचं नेहमीचंच हाय. तुमी बी थांबा."

"पण संध्याकाळी सभा आहे," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग किनाऱ्याकडे, आणि पायरीवर बसल्या.

दीड वाजला. ऊन चढलं. आमचा तांब्या केव्हाच रिकामा झाला होता आणि समुद्राचं पाणी नाकातोंडात गेल्यामुळे कुसुमचा घसा कोरडा पडला होता. विहीर होती, पण तिचा पोहरा आणि दोर पुजारी देवळाच्या खोलीत कुलपात ठेवून उत्सवाला गेले होते. हिरानं आपल्या टोपलीची दोरी सोडली, स्वतःचा तांब्या तिला बांधला आणि पाणी काढलं. कुसुमला म्हणाली, "ये बाय."

कुसुम पुढं झाली आणि थबकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. मला माझं स्वतःचं मत नव्हतं असं नाही, पण त्या घडीला मी त्यांच्याकडे पाहिलं हे खरं.

"पी की," आत्याबाई म्हणाल्या. "तहान लागलीय ना?"

कुसुम घटाघट प्याली. मग मी, मग हे. हिरानं चौथ्यांदा तांब्या भरून वर काढला आणि आत्याबाईंपासून चार हात दूर खाली ठेवला. तिला रीत माहीत होती. "आजी, तुमी न्हाय घ्यायच्या. पर उनाची येळ हाय," असं म्हणून ती तोंड वळवून उभी राहिली.

आत्याबाई उठल्या. तांब्याकडे गेल्या नाहीत, हिराकडे गेल्या. तिच्यासमोर वाकून त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. "ओत गं."

हिरानं तांब्या उचलून धार धरली. पाणी ओंजळीतून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. आत्याबाई दमानं, पोटभर प्याल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "गोड आहे." नंतर हिरानं नारळ फोडला आणि त्या दोघी शेजारी बसून खोबरं खाऊ लागल्या. कोळीवाड्यात कुणाच्या किती होड्या, आताशा मासळी कमी का लागते, असलं सगळं आत्याबाई तिला विचारत होत्या. घरी आमच्याशी त्या दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाहीत.

होडी

चार वाजता किनाऱ्यावरून बार ऐकू आला आणि शर्यत सुटली. चार होड्या किल्ल्याला वळसा घालून परत जायच्या होत्या. आम्ही मागच्या खडकावर जाऊन उभे राहिलो. पहिली होडी आली तशी ह्यांनी छत्री उघडून जिवाच्या आकांतानं हलवली. "अहो! इकडे! थांबा!" वल्हेकऱ्यांना वाटलं, मंडळी शाबासकी देताहेत. त्यांनी आनंदानं आरोळी ठोकली आणि निघून गेले. दुसऱ्या होडीनंही तेच केलं. त्यांच्यातल्या एकानं तर ह्यांना मुजरा केला.

तिसरी होडी धर्माची. हिरानं कमरेवर हात ठेवले आणि अशी हाक मारली की तटावरचे बगळे उडाले. "ए धर्मा! होडी लाव हितं! म्हातारीला सभेला न्यायाचंय!"

"शर्यत हाय ना गं!"

"तिसरा तर हायस! तिसरा काय नि चवथा काय, बक्षीस पयल्यालाच हाय!"

होडीतले सहाही जण हसले. धर्मानं वल्हं उलटं मारलं. चौथी होडी आमच्या देखत पुढं गेली, तिच्यातल्या लोकांना आपलं नशीब खरं वाटेना.

खडकापाशी होडी वर-खाली होत होती. हिरा एका उडीत होडीत गेली, हे कसेबसे उतरले, कुसुमला हातोहात घेतलं, मी पाय चुकून गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि मला ओढून घेतलं. आत्याबाईंना काही ते जमणार नव्हतं. धर्मा खडकावर आला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, उचलून न्यावं लागंल. चालंल का?"

"उचल," आत्याबाई म्हणाल्या. "मी काही जड नाही."

त्यानं त्यांना तान्ह्या मुलासारखं उचललं. त्याच वेळी एक लाट फुटली आणि दोघंही डोक्यापासून भिजले. मला वाटलं, आता त्या घाबरतील. आत्याबाई हसल्या. तोंड उघडून, आवाज काढून, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या मांडीवर वाढले, पण त्यांनाही हे हसणं नवीन होतं.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा बँडवाल्यांनी विजयाची चाल संपवून वाद्यं खाली ठेवली होती. आम्हांला पाहून त्यांनी ती पुन्हा सुरू केली. सबंध गाव टाळ्या वाजवत होतं. एका वहाणेनं लंगडत गणिताचे मास्तर उतरले, पाठोपाठ मी, कुसुम, आणि शेवटी धर्माच्या हातांवरून आत्याबाई. मनू रडत पळत आली, आधी मला मारलं आणि मग मिठी मारली.

मांडवात

सभा सुरू झाली होती. आम्ही ओलेचिंब मांडवाच्या मागच्या बाजूला उभे राहिलो. सुकायला घरी जावं असं मी सुचवलं, पण आत्याबाई हलल्या नाहीत. भाऊरावांनी एकेक नाव वाचलं. एकेक म्हातारे गृहस्थ काठी टेकत वर जात आणि अध्यक्षांच्या हातून नारळ घेत. सहा नावं झाली. भाऊरावांनी कागदाकडे पाहिलं, आम्हांला गर्दीत शोधलं. रात्रीचं बोलणं त्यांना आठवलं असावं. त्यांनी कागदाची घडी करायला घेतली.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "मी आहे."

गर्दी बाजूला झाली. त्या मधून चालत गेल्या. अलवण अंगाला चिकटलेलं, त्यातून पाणी ठिबकत होतं, पाठीमागं ओल्या पावलांची रांग. पहिल्या रांगेत ते हरकत घेणारे गृहस्थ बसले होते. आत्याबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पायऱ्या चढून त्या वर गेल्या आणि नारळासाठी हात पुढं केले.

अध्यक्ष जुने वकील होते, समजूतदार. नारळ देऊन त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, दोन शब्द बोला."

मला वाटलं, आता त्या मान हलवून उतरतील. आत्याबाई लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मी इथं जन्मले," त्या म्हणाल्या. "आठव्या वर्षी लग्न झालं. मला इथून नेलं तेव्हा पहाट होती, मी झोपेत होते. झोपेतच बोटीवर ठेवली. जागी झाले तर गाव दिसेनासं झालं होतं. तेव्हा गावाचा निरोप घ्यायचा राहिला." त्यांनी नारळ पदरात धरला. "तुमचं गाव मोठं झालंय. असंच होत राहो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या बायांतल्या एकीनं डोळ्यांना पदर लावला, मग दुसरीनं. आत्याबाई खाली आल्या तेव्हा ते गृहस्थ खुर्चीवरून उठले. मान दिला की ओलं अलवण टाळलं, मला सांगता येणार नाही. खुर्ची रिकामी झाली आणि आत्याबाई तिच्यावर बसल्या.

मग करंज्या वाटल्या गेल्या आणि गर्दीत एकच गोंधळ झाला. कुसुमनं सात खाल्ल्या.

रेवसचा धक्का

दुसऱ्या दिवशी आगबोट सुटायची वेळ झाली. ह्यांना शाळेत हजर व्हायचं होतं. मनू आणि भाऊराव टांग्यातून पोचवायला आले होते. सामान चढवलं, कुसुमला चढवलं, मी चढले. ह्यांनी आत्याबाईंना हात दिला.

त्यांनी तो धरला नाही. "तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी होळीपर्यंत राहते."

"राहते म्हणजे? कुठं?"

"मनूकडे. सकाळीच बोललेय तिच्याशी."

मनू मान खाली घालून हसत होती. हे गडबडले. "पण आत्या, असं अचानक... कुणाला विचारलंस का?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरोखरच प्रश्न पडल्यासारखं.

"कुणाला विचारायचं असतं?" त्या म्हणाल्या.

भोंगा झाला, ह्यांनी वाकून आत्याबाईंना नमस्कार केला आणि धावत फळीवर चढले. बोट हलली. आम्ही तिघं कठड्याशी उभे राहून हात हलवत होतो. कुसुम ओरडत होती, "आत्याआजी! आत्याआजी!" त्यांनी एकदा हात वर केला. आम्ही अजून धक्क्याजवळच होतो, तोच त्या वळल्या, कुणाचा आधार न घेता टांग्यात चढून बसल्या, आणि टांगा अलिबागेच्या वाटेला लागला.